ज्यांना पाणी आठवतं, त्यांना समितीतून काढू नका

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत,
ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती,
आणि पांझराकाठच्या ज्या ज्या गावांत असा ठराव होऊ घातला आहे तिथले सर्व पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

गेल्या ग्रामसभेत पाण्याबाबत तीन ठराव झाले. पाणी समितीतल्या तीन वयस्कर सदस्यांना कमी करून त्यांच्या जागी 'मोबाइलवर माहिती भरता येणारे' सदस्य घ्यायचे. मारुतीच्या पारामागची जुनी पायविहीर बुजवून तिथं बहुउद्देशीय सभागृह बांधायचं. आणि नव्या कूपनलिकेसाठी बाहेरच्या संस्थेनं नकाशावर खूण केलेली जागा पक्की करायची. तिन्ही ठरावांना मिळून अर्धा तासही लागला नाही. मी बोलायला उभी राहिले तेव्हा उत्तर मिळालं, "बाई, वेळ झाला, तुमचं म्हणणं लेखी द्या." ते लेखी देते आहे. उघड देते आहे, कारण हा प्रश्न एका गावाचा राहिलेला नाही. शेजारच्या गावांतही हेच चाललं आहे असं नातेवाइकांकडून ऐकते. गावाचं आणि कुणा व्यक्तीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. माझं भांडण माणसांशी नाही, ठरावांशी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. कमी केलेल्या तिघांमध्ये एक माझी आई आहे. तिला सही करता येते, मोबाइल चालवता येत नाही. माझे वडील फडाचे पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना वाटून देणारे, होते. ते गेल्यावर कुठल्या चारीला किती वेळ पाणी सोडायचं हे विचारायला लोक कित्येक वर्षं आईकडं येत. म्हणजे यात माझं माणूस आहे, माझं घर आहे. पण आईला मानाची खुर्ची मिळावी म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. पाणी कुठं आहे, कुठं नाही, हे ज्यांना आठवतं त्यांनाच पाण्याच्या बैठकीतून उठवणं मला मान्य नाही. हा निर्णय गावाला महागात पडेल अशी मला भीती वाटते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्राण्यांचं वर्तन शिकवता शिकवता हत्तींविषयी बरंच वाचत गेले, आणि त्या दिवशी सभेत हात वर होत होते तेव्हा मला सारखे हत्तीच आठवत होते. तुम्ही म्हणाल, खान्देशात हत्तीचं काय? आज धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत रानटी हत्ती नाही, हे खरं. पण अबुल फजलनं आइन-ए-अकबरीत हत्ती सापडणाऱ्या मुलखांची नावं दिली आहेत, त्यांत माळवा सुभ्यातलं बिजागड आहे, हंडिया आहे. बिजागड म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडचं निमाड. चारशे वर्षांपूर्वी त्या डोंगरांत हत्ती होते. आता तिथंही नाहीत.

हत्तीचा कळप म्हणजे माद्या आणि त्यांची पिल्लं. नर वयात आला की कळपातून बाहेर पडतो. कळपाच्या पुढं असते ती बहुधा सर्वांत वयस्कर मादी, कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाची आजी. ती दांडगाई करून पुढारी झालेली नसते. आशियाई हत्तिणीला तर मोठे सुळेही नसतात. ती वळली की बाकीच्या वळतात, ती थांबली की थांबतात, आणि सर्वांत लहान पिल्लाला झेपेल अशा चालीनं सगळा कळप चालतो. एका मोठ्या हत्तीला दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं, दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. एवढाल्या दहा-बारा जिवांना कोरड्या महिन्यांत पाण्यापर्यंत न्यायचं तर अंगातली ताकद पुरत नाही. मागच्या वेळी असं झालं होतं तेव्हा आपण कुठं गेलो होतो, हे कुणाला तरी आठवावं लागतं.

टांझानियातल्या तरंगिरे राष्ट्रीय उद्यानात 1993 साली पस्तीस वर्षांतला सर्वांत कडक दुष्काळ पडला. अभ्यासकांनी हत्तींच्या तीन गटांवर लक्ष ठेवलं होतं. त्या गटांतल्या 81 पिल्लांपैकी 16 पिल्लं नऊ महिन्यांत दगावली. एरवी शंभरात दोनेक दगावतात. पण तिन्ही गटांना फटका सारखा बसला नाही. दोन गट उद्यान सोडून बाहेर चालते झाले, पाणी आणि चारा शोधत दूर गेले, आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. तिसरा गट जागचा हलला नाही, आणि मेलेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून जास्त त्या एका गटाची होती. अभ्यासकांनी कारण शोधलं ते असं. तिथं याआधीचा मोठा दुष्काळ 1958 ते 1961 या वर्षांत पडला होता. जे गट बाहेर पडले त्यांच्यात तो दुष्काळ पाहिलेल्या वयाच्या हत्तिणी होत्या. जो गट जागीच राहिला, त्याच्या वयस्कर माद्या हस्तिदंतासाठी झालेल्या शिकारीत आधीच मारल्या गेल्या होत्या. उरलेल्या माद्या धडधाकट होत्या, पण बाहेर पडायचं असतं, आणि कुठं पडायचं असतं, हे त्यांना सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

हे मी वर्गात शिकवते तेव्हा पोरं गप्प होतात. मग मी त्यांना विचारते, आपल्या गावाचं 1958 कोणतं? उत्तर एकच आहे, 1972. ज्या साली आपल्याकडं बाया-माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मिलोच्या भाकरी आणि सुकडीवर दिवस काढत होती, त्याच साली केनियातल्या अंबोसेलीत सिंथिया मॉस यांनी हत्तींचा अभ्यास सुरू केला. तो आजही चालू आहे. तिथं प्रत्येक हत्तीण कानाच्या कडांवरून ओळखली जाते, तिचं वय, तिच्या लेकी, तिच्या नाती नोंदलेल्या असतात. आणि आपल्या गावात 72 चा दुष्काळ पाहिलेली, तेव्हा काम करण्याच्या वयाची असलेली किती माणसं जिवंत आहेत, याची एका ओळीचीही नोंद पंचायतीत नाही. जी होती त्यांतली तीन आपण यादीतून काढली.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार समितीच्या फेरबदलाची. मोबाइल येत नाही हे माणसाला पाण्याच्या समितीतून काढण्याचं कारण होऊ शकत नाही. माहिती भरायला एक तरुण मुलगा किंवा मुलगी पुरे. भरायची माहिती कुठून आणणार? तरुणांना विरोध म्हणून मी हे म्हणत नाही. नव्या यादीतले काहीजण माझ्याच वर्गात बसलेले आहेत, त्यांची हुशारी मला ठाऊक आहे. म्यानमारमध्ये लाकूड ओढणाऱ्या हत्तींच्या जन्ममृत्यूच्या नोंदी कित्येक पिढ्या ठेवलेल्या आहेत. 2016 साली त्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस वर्षांखालच्या हत्तिणीचं पिल्लू असेल आणि पिल्लाची आजी जवळ राहत असेल, तर ते मरण्याचा धोका आठ पटींनी कमी होतो, असं त्यात दिसलं. आई बदलून आजी ठेवा असं तो अभ्यास सांगत नाही. तरुण आईजवळ आजी हवी, एवढंच सांगतो. मीही एवढंच म्हणते. तरुणांना घ्या, पण म्हाताऱ्यांना उठवून घेऊ नका.

याच तक्रारीत आणखी एक गोष्ट आहे. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात. कागदावर आहेत. पण नव्या यादीतल्या बऱ्याच जणी बैठकीला येत नाहीत, त्यांचे मालक येतात आणि रजिस्टर सहीसाठी घरी नेतात. ज्या म्हाताऱ्या बाया स्वतःच्या पायानं येऊन बसत होत्या, त्यांची नावं मात्र कापली गेली. सुनांना सासरे-जेठांसमोर तोंड उघडणं अवघड जातं हे आपण सगळे जाणतो. म्हणून तर नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात केली आहे. हत्ती एकमेकांशी बोलतात त्यातलं बरंचसं आपल्या कानाला ऐकूच येत नाही, इतका तो सूर खालचा असतो. 1984 मध्ये केटी पेन या संशोधिकेला अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्याजवळ उभं असताना हवेत नुसती थरथर जाणवली, तेव्हा कुठं त्याचा शोध लागला. तोवर माणसं समजत होती की हत्ती बराच वेळ गप्प उभे असतात. आपल्याकडच्या बाया हातपंपावर, ओट्यावर, निंदणीला बसल्या की पाण्याबद्दलच बोलत असतात. पाणी त्याच भरतात. सभेत त्या बोलत नाहीत, म्हणून त्यांना सांगायचं काही नाही असं धरून चालू नका.

दुसरी तक्रार पायविहिरीची. 'वापरात नाही, घाण साचते, डास होतात' असं ठरावात लिहिलं आहे. घाण साचते हे खरं आहे. पण घाण आपणच टाकतो. नळ आले तेव्हापासून तिचा गाळ कुणी काढला नाही. आई सांगते, 72 च्या उन्हाळ्यात गावातल्या बाकीच्या विहिरी तळाला गेल्या तेव्हा या विहिरीला रात्रभरात दीड-दोन पायऱ्या पाणी चढायचं, आणि बाया पहाटे नंबर लावून भरायच्या. पाणी कुठून येतं हे कुणी तपासलेलं नाही. तपासायच्या आधीच मुरूम टाकून बुजवायचं? नामिबियातल्या कोरड्या नद्यांच्या पात्रात हत्ती पायानं आणि सोंडेनं वाळू उकरून खाली पाणी लागेपर्यंत खड्डा करतात. ते पिऊन गेले की त्याच खड्ड्यावर हरणं येतात, माकडं येतात, पाखरं येतात. आपल्याकडंही पांझरेच्या वाळूत लोक असेच झिरे खोदायचे. एका घरानं खोदलेल्या झिऱ्यावर सगळी आळी पाणी भरायची, कुणी कुणाला अडवत नव्हतं. आता पात्रात वाळू राहिली नाही, तिथं झिरा कसला लागणार? उरलेली एक पायविहीरही आपण घालवणार असू तर कमीत कमी कशाच्या बदल्यात घालवतो आहोत हे तरी गावाला मोजून सांगा.

तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. ती कूपनलिकेच्या जागेची.

आपल्या धुळे-नंदुरबार भागात शेतांमधून, माळांवरून, भिंतीसारख्या उभ्या काळ्या दगडाच्या रांगा जातात. तुम्ही-आम्ही लहानपणापासून त्यांच्यावर चढत आलो. खालून आलेला तप्त शिलारस बेसाल्टच्या थरांमधल्या भेगांत शिरला, तिथंच थिजला, आणि भोवतीचा खडक झिजत गेल्यावर या भिंती उघड्या पडल्या. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. आपल्याकडच्या डाइकांचा समूह अभ्यासकांत प्रसिद्ध आहे, त्यावर खूप काम झालं आहे. पाण्याच्या दृष्टीनं या भिंती महत्त्वाच्या आहेत, कारण जमिनीखालून झिरपत येणारं पाणी डाइकला अडू शकतं. मग वरच्या अंगाच्या विहिरीला चांगलं पाणी आणि खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, ठणठणाट. कुठं कुठं उलटंही असतं. डाइकलाच भेगा पडलेल्या असल्या तर पाणी तिच्यातूनच वाहतं. म्हणजे नकाशावर दोन खुणांमध्ये केसाएवढं अंतर असलं तरी जमिनीवर एका जागी पाणी आणि दुसऱ्या जागी कोरडा खडक असू शकतो.

नकाशावरची आपली खूण रांगेच्या खालच्या अंगाला आहे. ठराव झाला त्याच संध्याकाळी मी आईला जागा सांगितली. ती म्हणाली, "तठे नका खंदू, खाले खडक शे." मी विचारलं, तुला काय माहीत? तर तिनं सांगितलं, 72 च्या कामावर असताना गड्यांनी तिथंच विहिरीसाठी खड्डा घेतला होता, पुरुषभर खोल गेले, ओलसुद्धा लागली नाही, आणि मग रांगेच्या वरच्या अंगाला सरकले तेव्हा पाणी लागलं. ती जागा ती आजही बोटानं दाखवते. समितीतून कमी झालेल्या पाटकरी आबांना मी वेगळं विचारलं. त्यांनीही तोच खड्डा सांगितला, तीच जागा सांगितली.

आईचं आणि आबांचं म्हणणं अंतिम माना असं मी म्हणत नाही. मी विज्ञान शिकवते, तपासल्याशिवाय काही मानू नये हेच पोरांना सांगते. पण दोन माणसं, स्वतंत्रपणे, एकच जागा दाखवून सांगत असतील की इथं खणून पाहिलं होतं आणि कोरडं निघालं, तर तो पुरावा आहे, आणि पुरावा न ऐकता गावाचे पैसे जमिनीत घालणं चुकीचं आहे. बाहेरच्या संस्थेची माणसं आली, यंत्र लावलं, फोटो काढले आणि गेली. त्यांनी गावातल्या एकाही म्हाताऱ्या माणसाला विचारलं नाही. विचारावं असं आपल्यापैकी कुणी त्यांना सुचवलंही नाही.

चौथी तक्रार पाटाची, आणि ती थोडी लांबून सांगावी लागेल, कारण नव्या पिढीतल्या अनेकांना फड म्हणजे काय हेच माहीत नाही. पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवर आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी दगडी बंधारे घातले, त्यांतून पाट काढले आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडले. एका फडात एकच पीक. शेतकऱ्याची जमीन एकाच जागी नसायची, वेगवेगळ्या फडांत तिचे तुकडे असायचे. त्यामुळं पाणी कमी असलं आणि एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला, तर झळ सगळ्यांना सारखी बसायची. कुणी आपल्या हातानं पाटाचं दार उघडायचं नाही. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, राखण जागल्याची. हंगामाआधी सगळे मिळून पाट साफ करायचे, जो येणार नाही त्याला दंड. वर धरणं झाली, नदीचं वाहणं बदललं, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि फड मागं पडले. सगळं पूर्वीसारखं करा असं मी म्हणणार नाही, ते होणार नाही. पण पाटकऱ्याचा शब्द गेल्यापासून पाण्यावरून भांडणं किती वाढली हे तुम्ही बघताच आहात. मागच्या उन्हाळ्यात पाटावरच्या मोटारीवरून दोन घरची पोरं एकमेकांच्या अंगावर कुऱ्हाडी घेऊन धावली. प्रकरण मिटवलं कुणी? तुम्हाला माहीत आहे कुणी. आबांनी. ते मधे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही पोरांच्या आज्यांची नावं घेऊन बोलले. त्याच आबांना आपण समितीतून काढलं.

दक्षिण आफ्रिकेत पिलान्सबर्ग नावाचं अभयारण्य आहे. क्रूगर उद्यानात हत्तींची संख्या कमी करण्यासाठी मोठे हत्ती मारले गेले आणि त्यातून वाचलेली पोरकी पिल्लं पिलान्सबर्गला आणून सोडली. ती वाढली. त्यांतले नर फार लवकर आणि फार दिवस मस्तीत, म्हणजे मदाच्या उन्मादात, येऊ लागले, आणि 1992 ते 1997 या काळात त्यांनी चाळीसहून जास्त पांढरे गेंडे मारले. हत्ती असा गेंड्यांच्या मागं लागत नाही, म्हणून सगळे चक्रावले. 1998 मध्ये क्रूगरमधून सहा वयस्कर नर आणून त्या तरुणांत सोडले. तरुण नरांची मस्ती उतरली आणि गेंडे मरायचे थांबले. या म्हाताऱ्या नरांनी कुणाला शिक्षा केली नाही. ते नुसते तिथं होते, त्यांचा वावर पुरला. आपली पोरं वाईट नाहीत. पण वडीलधारं माणूस आसपास असणं आणि नसणं यात फरक पडतो, आणि जिथं पाण्याची वाटणी होते तिथं तर तो फार पडतो.

पाचवी तक्रार लहान आहे, पण बाकीच्या तिच्यातूनच निघतात. बैठका नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, भर दुपारी होतात. जिना उंच आहे, कठडा एकाच बाजूला आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसानं काय करायचं? मग 'ज्येष्ठ सदस्य सतत गैरहजर' अशी नोंद होते, आणि तीच नोंद त्यांना कमी करायला आधार म्हणून वापरली जाते. हे मला अन्यायाचं वाटतं.

आता थोडं वेगळं लिहिते. गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल अजिंठ्याला नेली होती. सतरावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पंधराशे वर्षांपूर्वी, त्याच्या एका मांडलिकानं कोरवलं. तो मांडलिक ऋषीक देशाचा, म्हणजे आपल्या खान्देशाचा, असं इतिहासकार मानतात. त्या लेण्यात मातृपोषक जातकाची कथा रंगवलेली आहे. एक पांढरा हत्ती रानात आपल्या आंधळ्या आईला सांभाळत असतो. काशीचा राजा त्याला पकडून आणतो, सजवतो, उत्तम चारा पुढं ठेवतो, पण हत्ती सोंड लावत नाही. राजानं विचारल्यावर तो सांगतो की रानात माझी आई उपाशी आहे, तिला दिसत नाही. राजा त्याला सोडतो. हत्ती परत जातो आणि सोंडेत पाणी भरून आईच्या अंगावर घालतो. तिला आधी वाटतं, पाऊसच आला. आपल्याच मुलखाच्या राजानं कोरवलेल्या लेण्यात ही कथा काढली गेली, हे मला पोरांना सांगताना फार बरं वाटलं. पण सहलीत एका मुलीनं मला विचारलं, "बाई, त्या आईचं पुढं काय झालं? ती नुसती बसून राहिली का?" मला तिचा प्रश्न आवडला. कारण म्हाताऱ्या माणसाला खाऊपिऊ घालणं आपल्याला कळतं, गावात तेवढी माणुसकी अजून आहे. त्याच्याकडून काही शिकायचं, काही विचारायचं असतं, हे मात्र आपण विसरत चाललो आहोत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण घरोघर घागर भरतो, गेलेल्यांना पाणी देतो, नैवेद्य दाखवतो. मी स्वतः दरवर्षी वडिलांच्या नावानं भरते. ज्यांच्या नावानं अजून घागर भरायची वेळ आलेली नाही, त्यांना तोवर पाण्याच्या बैठकीत बसू द्या, एवढं मागणं जास्त आहे का?

माझ्या मागण्या अशा आहेत.

पाणी समितीच्या फेरबदलाचा ठराव स्थगित करावा. कमी केलेल्या तिन्ही सदस्यांना परत घ्यावं, नवे तरुण सदस्यही ठेवावेत. मोबाइलवर माहिती भरताना तरुण सदस्यानं एका ज्येष्ठ सदस्याला सोबत घेऊन जागेवर जावं आणि नोंद दोघांच्या नावानं व्हावी. स्त्री सदस्यांच्या सह्या घरी नेऊन घेणं ताबडतोब बंद करावं.

कूपनलिकेचं काम थांबवावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना पत्र देऊन बोलवावं, आणि ते येतील तेव्हा 1972 च्या कामावर असलेली गावातली हयात माणसं त्यांच्यासोबत रांगेच्या दोन्ही अंगांना नेऊन उभी करावीत. चालवत नसेल त्यांच्यासाठी गाडीची सोय मी आणि माझे सहकारी करू. तपासणीनंतर तज्ज्ञांनी खालच्या अंगाचीच जागा योग्य ठरवली तर मी ती मान्य करीन आणि तसं पंचायतीच्या फलकावर लिहून देईन.

पायविहीर बुजवू नये. तिचा गाळ काढून पाण्याची आवक निदान एक उन्हाळा मोजावी, पाण्याचा नमुना तपासावा, तोंडावर जाळी बसवावी. सभागृहाला माझा विरोध नाही. जुन्या पंचायत कार्यालयाची पडकी इमारत पाडून ती जागा घेता येईल.

पुढच्या ग्रामसभेआधी महिला सभा खरोखर घ्यावी, नुसती कागदावर दाखवू नये. ती ओट्यावर, संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी घ्यावी. तिच्यात जे ठरेल ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं.

पाणी समितीच्या बैठका तळमजल्यावर घ्याव्यात.

आणि गावानं पाण्याची एक वही करावी. कुठली विहीर कोणत्या साली आटली, कुठं खणून कोरडं निघालं, झिरे कुठं लागायचे, पाटाच्या कोणत्या चारीला किती वेळ पाणी लागायचं, हे सगळं ज्येष्ठांना विचारून, शेताचा गट नंबर टाकून, सांगणाऱ्याच्या सहीनं किंवा अंगठ्यानं लिहून घ्यावं. आठवी-नववीची मुलं हे काम आनंदानं करतील. ते मी शाळेच्या वेळेनंतर करून घ्यायला तयार आहे, त्याला पंचायतीचा एक रुपया लागणार नाही. पंचायतीनं फक्त एवढा ठराव करावा की यापुढं गावात पाण्यासाठी कुठंही खणण्याआधी ही वही उघडून पाहिली जाईल.

यावरचं लेखी उत्तर पुढच्या ग्रामसभेच्या नोटिशीसोबत पंचायतीच्या फलकावर लावावं, ही विनंती. ते लागेपर्यंत बोअरचं यंत्र गावात आणू नये आणि पायविहिरीवर मुरमाचा ट्रक रिकामा करू नये. या पत्राची प्रत पंचायत समितीच्या कार्यालयात देत आहे.

आपली,
पाटकऱ्याची लेक आणि गावातली एक शिक्षिका